भेगा पडलेली जमीन कुठं मिळेल?

कॅमेरा घेतलात, अभिनंदन. चोवीस हप्त्यांपैकी दोन फिटलेत, गळ्यात पट्टा आलाय, आडनावापुढं 'फोटोग्राफी' जोडून इन्स्टाग्रामवर खातंही उघडून झालंय. आता एकच किरकोळ अडचण उरली: फोटो कशाचा काढायचा? घाबरू नका. आपण मराठवाड्यात राहतो. इथं पाऊस कमी पडेल, विषय कमी पडायचा नाही.

आधी एक वाक्य पाठ करून टाका. "विषय मी निवडत नाही, विषयच मला निवडतो." हे लागणार आहे. १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, कुठल्या तरी मंगल कार्यालयात प्रदर्शन लागतं, शाल-श्रीफळ होतं आणि कुणीतरी माइक पुढं करून विचारतं, "सर, तुम्हाला हाच विषय का आवडतो?" तेव्हा खरं बोलायचं नसतं. खरं कारण हप्त्यात असतं, पेट्रोलमध्ये असतं, परीक्षक कुठून येणार आहेत त्यात असतं. तुम्ही डोळे किंचित मिटायचे, दोन सेकंद थांबायचं आणि वरचं वाक्य सोडायचं. टाळ्या आपोआप पडतात.

बहुतेकांचा लाडका विषय दुकानदार ठरवतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन बसलात की त्या लेन्सनं घरातल्या माणसाचा फोटो निघत नाही. बायकोला फ्रेममध्ये बसवायचं तर तिला शेजारच्या गल्लीत उभं करावं लागतं आणि ती जात नाही. मग पक्षिप्रेम जागं होतं. कालपर्यंत ज्याला साळुंकी आणि चिमणी यांतला फरक कळत नव्हता, तो हिवाळ्यात पहाटे साडेचारला उठून पैठणला नाथसागराच्या काठी चिखलात पालथा पडून रोहित पक्ष्यांची वाट बघतो. मॅक्रो लेन्स घेणाऱ्याला मुंग्यांविषयी कळवळा येतो. ड्रोनवाल्याला लग्नाची वरात आणि जायकवाडीचे उघडलेले दरवाजे या दोनच गोष्टींत आयुष्याचा अर्थ सापडतो. साधी पन्नासची लेन्स घेतली असेल तर मात्र तुमचं कठीण आहे. तिनं माणसांच्या जवळ जावं लागतं.

विषय आतून उमलतो वगैरे ऐकलं असेल, तर अजिंठ्याचं उदाहरण जवळ ठेवा. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमला गेला. नेमला गेला, हे लक्षात घ्या. त्याला लेण्यांनी हाक मारली नव्हती, वरून हुकूम आला होता. वर्षानुवर्षं त्यानं त्या काळोखात बसून नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मधल्या काळात तो कॅमेराही शिकला होता. त्यानं टिपलेले वेरूळ-अजिंठ्याचे फोटो मागं उरले. एवढं सोसून त्या माणसानं 'विषयानं मला निवडलं' असं कुठं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. तुम्ही मात्र म्हणा. तुमचं फक्त रविवारचं पेट्रोल जळालंय.

बीबी का मकबरा वगैरे ठीक आहे. तो सगळ्यांचा झालाय. पाण्यातलं प्रतिबिंब हवं आणि हौदात पाणी नसलं, तर लेन्सच्या खाली मोबाइलचा काळा पडदा आडवा धरा, मकबरा उलटा दिसतो. ओळ 'दख्खनचा ताज' अशीच द्या, दुसरं काही सुचलं तर दाबून टाका.

आता मुख्य विषयाकडं येऊ. बक्षीस दुष्काळालाच मिळतं.

त्यासाठी पहिली गरज भेगांची. आणि इथंच नवखे फसतात. ते उठतात आणि एप्रिलमध्ये कुणाच्या तरी रानात जातात. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून त्या मिटतात. चांगल्या पावसाच्या सालीही हेच होतं. तो तिचा स्वभाव आहे, दुष्काळ नव्हे. शेतकऱ्याला तर त्या भेगा बऱ्या वाटतात, जमीन आपली आपणच मोकळी होते. पण हे परीक्षकांना माहीत नसतं आणि तुम्ही सांगायचं काही कारण नाही. अडचण वेगळीच आहे: रानातल्या भेगा वेड्यावाकड्या असतात, मध्ये तुराट्यांचे खुंट, ढेकळं, फोटोत काहीच कळत नाही. बाथरूमच्या फरशीसारख्या ज्या सुबक खपल्या तुम्ही कॅलेंडरवर पाहिल्यात, त्या शेतातल्या नसतातच. त्या आटलेल्या पाझर तलावाच्या गाळाच्या असतात. तेव्हा तलाव गाठा. माझ्याकडं असे सात तलाव टिपून ठेवलेत. कुणी विचारलं तर सांगत नाही, माणसाला स्वतःचं असं काहीतरी हवं.

तलावावर गेल्यावर पाठीमागं काय आहे ते बघा. तिकडं हमखास ऊस उभा असतो, हिरवागार, पुरुषभर. हा ऊस फ्रेममध्ये येता कामा नये. भेगा आणि ऊस एकत्र दिसले की बघणारा प्रश्न विचारायला लागतो, पाणी गेलं कुठं, कुणाच्या बोअरमधून आलं, कारखाना कुणाचा. बक्षिसाच्या फोटोनं प्रश्न विचारायला लावायचे नसतात, हळहळायला लावायचं असतं. शिवाय प्रदर्शनाचं उद्घाटन बहुधा कारखान्याच्या चेअरमनच्या हस्ते असतं. दोन पावलं डावीकडं सरका. ऊस जातो.

हीसुद्धा जुनी रीत आहे, आपण काही नवं करत नाही. सहाव्या निजामानं ज्यांना 'मुसव्विर जंग' किताब दिला त्या लाला दीनदयाळांच्या स्टुडिओनं राजवाडे टिपले, शिकारी टिपल्या आणि राज्यातल्या दुष्काळी मदतकार्याचेही फोटो काढले. फोटोत उपाशी रयत, अल्बम मात्र हुजुरांच्या पुण्यकर्माचा. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा महाराष्ट्रातला प्रत्येक कॅमेरा रुळांकडं तोंड करून होता. त्याच दिवसांत पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली होती. पण जमावबंदीचा फोटो कसा निघणार? रिकामी जागाच दिसणार. गाडी कशी लांबलचक असते, कोन चांगला मिळतो.

मधेच निसर्ग दगा देतो, त्याची तयारी ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडं एवढं पाणी झालं की पिकासकट मातीच वाहून गेली. आमच्या ओळखीच्या एका कलावंताची भेगांची सबंध मालिका प्रदर्शनाच्या तोंडावर शिळी झाली. तो खचला नाही. भेगांवर ज्याला बसवलं होतं त्याच माणसाला त्यानं गुडघाभर पाण्यात उभं केलं. चेहरा तोच चालला. हे विशेष.

चेहऱ्यावरून आठवलं. माणूस निवडताना तीन गोष्टी बघा: वय सत्तरच्या पुढं, धोतर किंवा मळका पायजमा, आणि नाही म्हणायची सवय नसलेला. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तहसीलदार कचेरीतला साहेबही दुष्काळाचाच भाग आहे, त्याच्याही कपाळाला आठ्या असतात, पण तो लगेच विचारतो, कुणाच्या परवानगीनं? सावकार विचारतो. टँकरचा मालक तर विचारतच नाही, थेट कॅमेऱ्याला हात घालतो. धोतरातले म्हातारे, म्हणजे आपल्याकडचे बाप्पा, विचारत नाहीत. ते उलट बाजेवरची वाकळ झटकून बसा म्हणतात, चहा टाकायला सांगतात. या एका गुणामुळं जगभरच्या छायाचित्रकारांना गरीब म्हातारा हा विषय मनापासून आवडत आलेला आहे.

घरात शिरायला मिळालं तर चूल शोधा. आजी चुलीपाशी, धूर, माळवदाच्या झरोक्यातून उतरलेला उन्हाचा पट्टा: यावर कुणी आजवर उत्तेजनार्थपेक्षा खाली गेलेला नाही. गॅसची टाकी असली तर तिच्यावर पोतं टाका. मोबाइल चार्जिंगला असेल तर वायर काढा. आजीनं पाहुणे आले म्हणून नवं लुगडं नेसलं असेल तर प्रेमानं जुनं नेसायला सांगा. आणि घर माळवदाचंच बघा, दगड-मातीच्या रुंद भिंतींचं, कारण सिमेंटच्या खोलीला पोत नसतो. किल्लारीकडं गेलात तर ही तक्रार जपून करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते निजले होते तेव्हा, हाच पोत त्यांच्या अंगावर पडला होता. तिथल्या म्हाताऱ्यांना सिमेंट कुरूप वाटत नाही.

(ही ओळ मी आधी गाळली होती. लेखाचा सूर बिघडतो म्हणून. राहू द्या.)

पुढचं सोपं आहे. फोटो काळा-पांढरा करा, म्हणजे ऊस चुकून राहिला असला तरी करडा दिसतो. सुरकुत्या ओढून गडद करा. खाली नाव द्या: 'प्रतीक्षा', 'आस', 'झुंज'. बाप्पांचं नाव लिहू नका, नाव लिहिलं की तो एक विशिष्ट माणूस होतो, त्याला गाव येतं, पोरं येतात, त्यातला एखादा पुण्यात कंपनीत असतो आणि त्याच्या फोनवर तुमचा फोटो पोचतो. 'मराठवाड्याचा शेतकरी' एवढं पुरे. फोटोची प्रत पाठवतो असं निघताना जरूर सांगा. सगळेच सांगतात.

एक धोका मात्र अलीकडं निर्माण झालाय, तो सांगून ठेवतो. मागच्या मे महिन्यात मी माझ्या सात तलावांपैकी चौथ्यावर गेलो. बालाघाटाच्या कुशीतलं गाव, नाव सांगणार नाही. काठावरच्या लिंबाखाली एक बाप्पा बसलेले. वय, धोतर, सगळं मापात. मी रामराम घातला, बॅग उघडली, लेन्स पुसायला लागलो. त्यांनी तिकडं शांतपणे बघितलं.

"बसून पायजे का उभा राहू?"

मी म्हटलं, "बाप्पा, तुम्ही बसा तसेच, सहज."

"सहज म्हंजी वर बगू का खाली? मागचे आल्ते ते वर बगा म्हनले. ढग नव्हता एक बी, तरी अर्धा घंटा वर बगायलो. मान धरली."

मी खाली बघा म्हणालो. ते हसले. म्हणाले, मलाबी आता फोटोवाले कळायलेत. काहीजण आवडतेत, काही नाही. सकाळी येनारे आवडतेत, ऊन नसतंय. पान्याची बाटली घेऊन येनारे आवडतेत, जाताना ठिवून जातेत. ते उडनारं यंत्र घेऊन येनारे नाही आवडत, शेळ्या बुजतेत. आणि "काय वाटतंय बाप्पा" असं इचारनारे तर आजाबात नाही.

मी काहीच विचारलं नाही. गाळाच्या कडेला बसा एवढं म्हणालो. ते उठले, धोतराचा सोगा झटकला, अगदी मला हव्या होत्या त्याच खपलीवर जाऊन उकिडवे बसले. हात कपाळाला लावला. मी डोळा कॅमेऱ्याला लावणार, एवढ्यात त्यांनी हात खाली घेतला, पायातल्या चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि माझ्या बॅगेच्या मागं सरकवल्या.

"बगा बरं, तिथून दिसायल्यात का? मागच्यानं त्येवड्यासाठी चारदा उठवलं."