न्यूट्रॉन ताऱ्याच्या त्या मेसेजमुळं आमच्या घरचे फोन बंद होते, म्हणून लिहितोय

परवा रात्री गावच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तुमच्याकडंही आला असेल. मेसेज साधारण असा: "नासा आणि इस्रोचा इशारा. आज रात्री १२:३० ते ३:३० नुकत्याच जन्मलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याची गॅमा किरणं सेकंदाला ३० वेळा पृथ्वीवर आदळणार. २० लाख कोटी व्होल्टची ही किरणं शास्त्रज्ञांच्या दुर्बिणीनं पकडली आहेत. मोबाइल बंद करून दूर ठेवा. गरोदर बाईनं बाहेर निघू नये. उघडं पाणी पिऊ नये. तुरीचा फुलोरा गळेल. लोणारचं पाणी गुलाबी झालं तेही याच किरणांनी. दहा जणांना पाठवा."

मी तालुक्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असे मेसेज रोजच येतात, वाचतो आन सोडून देतो. हा नाही सोडणार.

वहिनीला आठवा महिना आहे. मोठ्या आईनं तो मेसेज कोणाकडून तरी वाचून घेतला, वहिनीला मधल्या खोलीत बसवलं, खिडकीला वाकळ लावली आणि घरातले सगळे फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवून दिले. दादा तेव्हा हरभऱ्याच्या ओलिताला गेलेला, कारण आमच्याकडं या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीच असते. दीडच्या सुमारास स्प्रिंकलरचा पाइप उचलताना त्याला विंचू चावला. घरी सहा वेळा फोन लावला, बंद. शेजारी लावला, बंद, त्यांनीही तोच मेसेज वाचलेला. शेवटी मला लावला, मी अठरा किलोमीटरवरून गाडी काढली, पोचलो तेव्हा तो धुऱ्यावर बसून ओकत होता, थंडीच्या रात्री शर्ट घामानं चिंब. दवाखान्यात नेलं, आता बरा आहे. घरच्यांना सकाळी कळलं. मोठी आई रडत म्हणे, "मले का मालूम बापा, नासाचं नाव होतं ना त्याच्यात."

तिचा दोष नाही. पण ज्यांनी लिहिलं आणि ज्यांनी न वाचता पुढं ढकललं त्यांना आता सगळं ऐकावं लागेल.

फोनचं आधी. फोन चालतो रेडिओ लहरींवर. गॅमा किरणं म्हणजे एक्स-रेहूनही जोरदार, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, तो सुट्या सुट्या कणांनी येतो. त्यांना फोन चालू आहे का बंद, पिठात आहे का खिशात, याच्याशी काही घेणंदेणं नाही. आणि साडेबारा ते साडेतीन ही वेळ आली कुठून? न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागं उरलेला घट्ट गाभा. तो गरगर फिरतो आणि त्याच्या किरणांचा झोत दर फेऱ्याला आपल्यावरून गेला की ठोका दिसतो, अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. सेकंदाला ३० फेऱ्या मारणारा तारा म्हणजे क्रॅब पल्सार, वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, आपल्या रोहिणीपासून थोडा पूर्वेला. सध्या संध्याकाळी उगवतो, रात्रभर वर असतो. ज्या स्फोटातून तो झाला तो स्फोट इ.स. १०५४ मध्ये चीनच्या लोकांनी बघून लिहून ठेवला आहे, २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता. तेव्हापासून हा तारा फिरतोच आहे, आजच्या वेगानं दिवसाला जवळपास २६ लाख फेऱ्या, पोळ्यालाही आणि दिवाळीलाही. वेळापत्रक लाइनला असतं, ताऱ्याला नसतं. "नुकताच जन्मलेला" म्हणाल तर ताऱ्यांच्या हिशोबात साडेनऊशे वर्षांचा न्यूट्रॉन तारा तरणाच, शास्त्रज्ञही त्याला तरुणच म्हणतात, पण त्याचा अर्थ तो परवा जन्मला असा होत नाही.

आता ते २० लाख कोटी. हा आकडा बघूनच माणूस घाबरतो, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

आकडा खोटा नाही, हे मला कबूल करावं लागतं. आफ्रिकेत नामिबियामध्ये हेस नावाच्या दुर्बिणी आहेत, त्यांच्या टीमनं ऑक्टोबर २०२३ मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमी या जर्नलमध्ये छापलं की वेला पल्सारकडून येणाऱ्या ठोक्यांमध्ये २० टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे गॅमा कण सापडले. टेरा म्हणजे लाख कोटी, तेव्हा २० लाख कोटी बरोबर. पण वेला हा वेगळाच तारा, साधारण हजार प्रकाशवर्षं लांब, वय अकरा हजार वर्षांच्या आसपास, सेकंदाला ११ फेऱ्या. म्हणजे मेसेजवाल्यानं एकाच्या फेऱ्या आणि दुसऱ्याची ऊर्जा घेऊन तिसराच तारा तयार केला. आणि "इलेक्ट्रॉन" शब्द खाऊन नुसता "व्होल्ट" ठेवला, सगळी भीती तिथूनच आली. आपल्याला व्होल्ट म्हटलं की डीपी आठवते, तुटलेली तार आठवते. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं माप आहे, आणि ते इतकं बारीक आहे की २० लाख कोटी एकत्र केले तरी किती होतात ते मी वर्गात पोरांकडून काढून घेतलं. ज्वारीचा एक दाणा घ्या. टेबलापासून एक सेंटिमीटर वर धरा, नखाच्या रुंदीएवढं, आणि सोडा. तो टेबलावर टेकला तेव्हा जेवढी ऊर्जा, तेवढी. एका कणासाठी ही ऊर्जा भयंकर मोठी आहे, म्हणूनच शास्त्रज्ञांना नवल वाटलं, पण माणसासाठी तो ज्वारीचा दाणाच.

आणि असे कण येतात तरी किती? इथंच "दुर्बिणीनं पकडली" या वाक्याचा सगळा घोळ आहे. मोठ्या आईला वाटलं, पकडली म्हणजे धो धो येत असतील. उलटं आहे. इतकी कमी येतात की पकडणं हेच काम आहे, त्याच्यात माणसांची अख्खी नोकरी खर्ची पडते. नासाचा फर्मी उपग्रह २००८ पासून वर फिरतोय, त्याच्यावरचा गॅमा डिटेक्टर मोठा आहे, तरी क्रॅबकडून त्याला सरासरी काही मिनिटांनी एक कण मिळतो. तेवढ्या वेळात तारा हजारो फेऱ्या मारून मोकळा. मग ठोका ओळखायचा कसा? समजा एक घड्याळ आहे ज्याचा काटा ३३ मिलिसेकंदांत एक फेरा पुरा करतो, ताऱ्याएवढाच. कण आला की त्या क्षणी काटा जिथं असेल तिथं तबकडीवर एक टिंब द्यायचं. पहिल्या दिवशी टिंबं कुठंही पसरलेली वाटतात. महिना जाऊ द्या, दोन जागी टिंबांचे ढीग दिसायला लागतात, बाकी तबकडीवर टिंबं विरळ. ते दोन ढीग म्हणजे क्रॅबचे एका फेऱ्यातले दोन ठोके. त्यातही पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रत्येक कणाची वेळ दुरुस्त करावी लागते, आणि तारा रोज थोडा मंदावतो, एका फेऱ्याचा वेळ दिवसाला साधारण ३६ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३६ अब्जांश, वाढतो, तेही घड्याळात धरावं लागतं, नाहीतर ढीग पसरून जातात. मी पहिल्यांदा तसा आलेख बघितला तेव्हा किती तरी वेळ बघतच बसलो होतो. एवढ्या सुंदर कामाचं कोणीतरी बाया-माणसांना भिववायचं हत्यार केलं, याचा मला खरंच संताप येतो.

हेसचं तर आणखी कठीण. गॅमा कण जमिनीपर्यंत पोचतच नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन १० मीटर पाण्याएवढं आहे, म्हणजे आपण सगळे ३३ फूट भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसलोय असं समजा. कण वरच हवेवर आदळतो, त्याचे तुकडे होऊन फवारा सुटतो, आणि त्या फवाऱ्याचा निळसर उजेड सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता चमकतो. दुर्बीण तो उजेड बघते. तो जमिनीवर इतका पसरतो की वीस-पंचवीस एकरावर कुठंही पडलेला कण टिपता येतो. एवढं मोठं वावर राखून, कित्येक वर्षांचा डेटा जमवून, वेलाचे ते २० टेरावाले कण मोजकेच मिळाले. आपल्याकडं लडाखात हानले इथं भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस नावाची अशीच दुर्बीण आहे, २१ मीटरची, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिथले लोक ४३०० मीटर उंचीवर रात्र रात्र आकाशाखाली काम करतात, वाकळ लावून बसत नाहीत.

आता अर्धी गोष्ट खरी आहे ती सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी गूगल करून माझ्या तोंडावर टाकेल. २७ डिसेंबर २००४ ला एका मॅग्नेटारचा, म्हणजे जबरदस्त चुंबकी न्यूट्रॉन ताऱ्याचा, मोठा भडका झाला, आणि हजारो प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या गॅमा किरणांनी पृथ्वीच्या आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे हवेच्या पार वरच्या विद्युतभारित थरात, खरोखर हालचाल झाली, कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ सिग्नलमध्ये ती मोजली गेली. झालं ते तिथं, वर. खाली जमिनीवर कोणाला काही झालं नाही, आणि तो भडका येणार हे आधी कोणालाही माहीत नव्हतं, कारण ती किरणं प्रकाशाच्याच वेगानं येतात. त्यांच्या आधी निघून "आज रात्री साडेबाराला" असं सांगणारा इशारा पोचूच शकत नाही. एवढं एक कळलं तरी असले सगळे मेसेज तिथंच संपतात. दुसरं, अंतराळातून आलेल्या कणांच्या फवाऱ्यातले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, जमिनीपर्यंत येतात, दर सेकंदाला एखादा आपल्या तळहातातून जातो. तो आजीच्याही तळहातातून जात होता, तिच्या आईच्याही. भिंतीतूनही जातो, वाकळीतूनही. गरोदर बाईला अंधारात कोंडून त्याच्यात काहीच फरक पडत नाही, फरक पडतो तो रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं आणि १०८ ला लावायला फोनच नसला तर.

उघड्या पाण्याचं एवढंच की झाकून ठेवा, डासांसाठी. तुरीचा फुलोरा ढगाळ वातावरणानं आणि धुवारीनं गळतो, आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते वाढले.

इस्रोचं नाव घेतलं म्हणून सांगतो, त्यांचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ पासून वर आहे आणि त्यानं याच क्रॅबच्या एक्स-रेंचा अभ्यास केलाय. म्हणजे इस्रोला हा तारा चांगला माहीत आहे. फोन पिठात ठेवा असं त्यांनी कुठंही सांगितलेलं नाही.

काकाजी, आपल्या ग्रुपवर मेसेज तुमच्याकडून आला. तुम्ही मोठे आहात, गाव तुमचं ऐकतं, म्हणूनच त्या रात्री आख्ख्या गल्लीतले फोन बंद झाले. आता तो सगळ्यांसाठी डिलीट होत नसेल तर त्याच्या खाली तुमच्याच हातानं लिहा की हे खोटं आहे, रात्री फोन चालू ठेवा. आणि या आठवड्यात ओलिताला कोण कोण जाणार त्यांचे नंबर टाका, दादा उद्यापासून परत रात्रपाळीला आहे.