सगळे डाएट एकदम करा, पण फक्त परवानगीपुरते

वजन कमी करायचं ठरवलंय ना, मग पहिलं काम म्हणजे ते सगळ्यांना सांगून टाकायचं. घरी, ऑफिसात, शाळेच्या ग्रुपवर, सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या कपड्याच्या दुकानदाराला पण, ज्याच्याकडे हल्ली तुम्ही "जरा इलॅस्टिकवाली दाखवा की ओ" म्हणता. सांगून झालं की मन हलकं होतं, आणि सुरुवातीला तेवढं हलकं झालेलं पुरतं.

आता डाएट कुठलं करायचं. इथं नवशिके लोक एकच डाएट धरून बसतात आणि महिनाभरात चिडचिडे होऊन घरच्यांशी भांडतात. तसं करायचं नाही. कुठल्याही डाएटचे दोन भाग असतात, एक काय खा आणि दुसरा काय खाऊ नका. तुम्ही सगळ्या डाएटमधले फक्त पहिले भाग गोळा करायचे, दुसऱ्या भागाकडे बघायचंच नाही, एवढं जमलं की सोलापुरात तुम्हाला उपाशी ठेवणारं डाएट अजून जन्माला यायचंय.

उदाहरण घ्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, दिवसातून दोनदा, आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा, मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. त्याच्या जोडीला ते असंही सांगतात की रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आता तुम्ही सात रस्त्याला उभं राहून कुणालाही विचारा, ५५ सगळ्यांना पाठ आहे, ४५ म्हटलं की माणूस आभाळाकडे बघायला लागतो. कारण ५५ मध्ये केवढी जागा आहे बघा. दोन भाकऱ्या, पिठलं, दही, ठेचा एवढं झालं तरी घड्याळात पंचवीस मिनिटं उरतात आणि मग ती वाया कशाला घालवायची म्हणून वाटीभर शेंगापोळीचा चुरा तुपात कालवून. लग्नाला गेलात तर ५५ मिनिटांचा टायमर लावूनच पंगतीला बसा, वाढप्याला पण सांगून ठेवा. मधल्या वेळात पातळ ताक चालतं असं ते म्हणतात, पण पातळ म्हणजे किती पातळ हे ज्याचं त्यानं ठरवायचं, मे महिन्यात लस्सीसुद्धा तशी पातळच वाटते.

पण दोन जेवणांच्या मधे भूक लागली तर? तेव्हा आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांकडे जायचं. त्या सांगतात आपल्या मातीतलं, हंगामातलं खा, थोड्या थोड्या वेळानं खा, तुपाला घाबरू नका. झालं की काम. सकाळी अकराला दिवेकर, दुपारी दोनला दीक्षित, पाचला परत दिवेकर, रात्री दीक्षित. २०१८-१९ च्या आसपास महाराष्ट्रात या दोन बाजूंवरून घराघरात वाद झाले, सासू एकीकडे आणि सून दुसरीकडे, तेव्हा कुणाच्या डोक्यात हे आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मग कीटो. हे मुळात १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डरनी फिट येणाऱ्या पेशंटसाठी काढलेलं, म्हणजे उपचार, डॉक्टरच्या देखरेखीखाली. आपण ते मोबाइलवर बघून करतो. कीटोत तेल, लोणी, मटण चालतं हे ऐकल्यावर सोलापुरी माणूस तिथंच थांबतो, 'भाकरी-भात बंद' हे पुढचं वाक्य ऐकत नाही. मटणाची शिक कढई मागवायची. आता ती पुसून खायला भाकरी लागणार, हे त्या डॉक्टरला माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. चुकून कुणी खरंच भाकरी-भात सोडलाच तर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झटकन उतरतात, त्यातलं बरंचसं पाणी असतं, शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपताना आपल्यासोबत पाणी घेऊन जातो आणि पहिल्या पोळीबरोबर ते परत येतं. तर हे पाणी असताना, म्हणजे त्या आठवड्यातच, फोटो काढून स्टेटसला टाका. उशीर करू नका.

मिलेटचं मात्र आपल्याला परदेशी काही शिकायची गरज नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून जी ज्वारी आजी रोज थापत होती ती एकदम सुपरफूड झाली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला तर जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं सरकारी मानांकन, सुद्धा आहे. त्यामुळे "मी मिलेटवर आहे" असं म्हणायचं आणि कडक भाकरी समोर घ्यायची. कडक भाकरीचा फायदा असा की ती जेवण वाटतच नाही, टीव्ही बघता बघता मोडून मोडून पाच कधी संपल्या ते आकाशातल्या देवालाच माहीत. आणि तिच्यासोबत शेंगाचटणी आलीच. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे अर्धी वाटी चटणी खाल्ली तर ती फेडायला मध्यम वजनाच्या माणसाला पाचेक किलोमीटर चालावं लागेल, वरून ओतलेलं तेल वेगळं. पण हा हिशोब जेवताना करायचा नसतो, पचन बिघडतं. आणि चटणीला तोंडी लावणं म्हणतात, जेवणात धरत नाहीत, त्यामुळे दीक्षितांच्या दोन वेळात ती बसत नाही आणि दिवेकरांच्या मातीत फिट बसते.

हुरड्याच्या दिवसांत तर विचारूच नका, डिसेंबर-जानेवारीत शेतावरून बोलावणं आलं की ते रॉ फूड, फायबर आणि आउटडोअर ॲक्टिव्हिटी तिन्ही एकदम, गूळ आणि चटण्या फक्त चवीपुरत्या, चव लागेपर्यंत.

आता व्यायाम. यात पण तेच, एकाच प्रकाराशी लग्न लावायचं नाही. आधी वॉकिंग. पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे जा, मंदिराला बाहेरून हात जोडा, ओळखीचा कुणीतरी भेटतोच, "काय बे, बारीक झाल्यासारखं वाटायलास" असं म्हणतो, तिथं थांबून त्याला अर्धा तास दीक्षित समजावून सांगा. मग दोघं मिळून उप्पीट नाहीतर चुरमुऱ्याचा सुशीला खायला जा. चालल्यावर भूक लागते, हा चालण्याचा सगळ्यात सिद्ध झालेला परिणाम आहे. घड्याळ १०,००० पावलं मागतं, पण तो आकडा काही वेदात लिहिलेला नाही, १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला तो धरला होता. त्यामुळे घड्याळ पोराच्या हातात बांधून त्याला क्रिकेट खेळायला पाठवलं तर फार मोठी फसवणूक होत नाही.

खरी पावलं बघायची असतील तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्यांची बघा. तोल सांभाळत, अनवाणी, अडुसष्ट लिंगांची वाट. ते लोक आधी सराव करतात, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी मी तरी अजून 'कोअर स्ट्रेंथ' ऐकलेलं नाही. आपण ते बघून "जबरदस्त" म्हणायचं आणि होम मैदानावर पाळण्यात बसायचं, वर-खाली होतंच की अंग.

जिम जानेवारीतच लावायची आणि वर्षाची फी एकदम भरायची, म्हणजे न जाण्याचं दुःख बारा महिने पुरतं. ट्रेडमिलवर चढताना एक लक्षात असू द्या, इंग्लंडमध्ये १८१८ च्या सुमारास असलं पायांनी फिरवायचं चाक तुरुंगातल्या कैद्यांसाठी बनवलं होतं. त्यांना निदान फी नव्हती. झुंबा लावलात तर पहिल्या दिवशी मागच्या रांगेत, दुसऱ्या दिवशी खांबाच्या मागे, नंतर कमरेत चमक भरते. सूर्यनमस्कार औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी एवढा प्रसार करून फुकट देऊन ठेवलेत, म्हणूनच ते आपण करत नाही, वर्षातून एकदा रथसप्तमीला मात्र १०८ घालायचेच, मग पुढचा आठवडा जिन्याचा कठडा धरून उतरायचं आणि विचारलं की "रिकव्हरी चालू आहे" म्हणायचं.

वेट ट्रेनिंगला तर पैसे घालवणं म्हणजे मूर्खपणा. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पण कधी पहाटे कधी मध्यरात्री, तेव्हा खालून दुसऱ्या मजल्यावर भरलेल्या घागरी आणि बादल्या नेणं हा संपूर्ण शरीराचा व्यायाम आहे. फक्त ते काम घरात नेमकं कोण करतं हे बघा. बहुतेक घरात जिमची फी एकाच्या नावावर असते आणि बादल्या दुसरीच्या हातात. तिला कुणी डाएट विचारत नाही, तिला ५५ मिनिटं बसून जेवायला पण मिळत नाहीत.

असो. उन्हाळा आला की आपलं शहर ४३-४४ डिग्रीला जातं, तेव्हा काहीच करायचं नाही, नुसतं गच्चीवर उभं राहायचं. घाम धो धो वाहतो आणि काट्यावर किलोभर कमी दिसतं. ते पण पाणीच, उसाच्या रसाचा एक मोठा ग्लास पोटात गेला की जागेवर. पण त्या दोन मिनिटांत काट्याचा फोटो निघतो.

शेवटचं काम हिशोबाचं. लोक विचारणार किती उतरलं, तेव्हा उतरलेलंच धरायचं, चढलेलं धरायचं नाही. कीटोत तीन उतरलं, दीक्षितांत चार, मिलेटवर दोन, उन्हात एक, जिमच्या पहिल्या महिन्यात दोन. झाले की बारा किलो! बेल्टचं भोक पुढं सरकलंय हा वेगळा विषय, बेल्ट हल्ली चांगल्या चामड्याचे येत नाहीत. आणि कुणी आगाऊपणानं "मग चढा बघू काट्यावर" म्हणालाच तर काट्याचे सेल गेलेत म्हणा, आणि पार्क चौकाकडं सेल आणायला म्हणून त्यालाच सोबत घेऊन निघा, संध्याकाळी सातच्या सुमारास, जेव्हा तिथं खाण्याच्या सगळ्या गाड्या लागलेल्या असतात.