सहा कडव्यांत दडवलेलं नाव

आषाढ लागला की आम्हा नागपूरकरांना रामटेक आठवतंच. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं आणि शाळेपासून आम्ही ते अभिमानानं सांगत आलो. या वर्षी मात्र एक गोष्ट मनात रुतली. शंभराहून जास्त श्लोक, अलका नगरीपर्यंतची अख्खी वाट, आणि ढगाहाती निरोप धाडणारा यक्ष आपल्या बायकोचं नाव एकदाही घेत नाही.

हे ध्यानात आलं ते दुसऱ्याच एका पत्रामुळे. अकराव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलला अल-मुतमिद नावाचा अरबी राजा होता. दूर असताना त्यानं आपल्या प्रियेला, इतिमादला, कवितेतून पत्र लिहिलं. ती मूळची दासी. अरबीत तिच्या नावाची अक्षरं सहा, म्हणून कडवीही सहा. प्रत्येक कडव्याचं पहिलं अक्षर धरत खाली उतरलं की तिचं नाव तयार होतं. सुरुवात अशी, की तू नजरेआड आहेस, पण काळजाच्या गाभ्यात हजर आहेस. शेवटी तो स्वतःच सांगतो, तुझं गोड नाव मी यात दडवलंय.

अहो, हा उखाणाच की! आपल्याकडे बहुतेक बायकांनीच घ्यायचा, तो इथं राजानं घेतलाय.

माझी आजी नागपुरात, महाल भागातल्या वाड्यात, आजोबा रेल्वेत, बिलासपूरला. पत्रं यायची पणजोबांच्या नावानं. ते मोठ्यानं वाचायचे, आजी दाराआड उभी राहून ऐकायची. तिच्या वाट्याला शेवटची ओळ, ‘घरातील सर्वांस यथायोग्य’. त्या ‘सर्वांत’ ती. आजोबांची माया नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही, तेव्हाची रीतच तशी होती. पण हळदीकुंकवाला तिनं त्यांचं नाव किती उखाण्यांत गुंफलं असेल! त्यांनी तिचं एकदाही नाही. हे मला फार सलतं.

लोक म्हणतील, राजाला काय, फुरसतच फुरसत. मला नाही पटत. दागिना कुणाहाती धाडता आला असता. अक्षराला अक्षर जुळवत बसणं त्याला स्वतःलाच करावं लागलं, आणि तेही एका दासीच्या नावासाठी.

१०९१ मध्ये त्याचं राज्य गेलं. मोरोक्कोतल्या अगमातला दोघं बंदिवासात राहिली. आधी ती गेली, १०९५ मध्ये तो.

काल रात्री मी आजीच्या नावाची अक्षरं कागदावर उभी मांडली. तीनच आहेत. ‘य’ची ओळ जमली. ‘मु’पाशी अडलेय.