विसण मिळणार नाही

जपानला गरम पाण्याच्या झऱ्यांत आंघोळ करायला निघालो तेव्हा ज्याला त्याला आमच्या लाजेची काळजी. ‘अहो, तिथे म्हणे सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करतात!’ करतात. पोहायची चड्डीसुद्धा चालत नाही. पण बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं असतं आणि आत कुणी कुणाकडे ढुंकून बघत नाही. सोबत एक छोटा पंचा असतो. तो पुढे धरला तर मागचं उघडं, मागे धरला तर विचारूच नका. त्यात तो पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून लोक घडी करून डोक्यावर ठेवतात. थोडक्यात, झाकायचं राहिलं बाजूला आणि टक्कल तेवढं झाकलं. लाज पाच मिनिटांत मेली.

छळलं ते पाण्याने.

आम्ही गेलो होतो कुसात्सूला, गुन्मा प्रांतातल्या डोंगरात. गावाच्या मधोमध युबाताके नावाचा मोठा गरम झरा आहे. तिथे मिनिटाला सुमारे ४,००० लिटर वाफाळतं पाणी उसळतं आणि निवावं म्हणून लाकडी पन्हळींतून सोडतात. गंधकाचा वास गावभर. पाणी इतकं आम्लधर्मी की लोखंडी खिळा त्यात काही दिवसांत विरघळतो. प्रेमरोग सोडून बाकी सगळं या पाण्याने बरं होतं, अशी तिथली ख्याती. मूळ झऱ्यांचं तापमान पन्नास अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर.

आता कढत पाणी दिसलं की मराठी माणूस काय करतो? विसण घालतो. इथे ते पाप! गार पाण्याने औषधी गुण पातळ होतात म्हणून सहा-सहा फुटी फळ्यांनी पाणी घुसळून निववायची पद्धत आहे. तिला युमोमी म्हणतात. बायका गाणं म्हणत, तालावर घुसळतात. हल्ली त्याचे तिकीट लावून खेळ होतात. मी टाळ्याही वाजवल्या.

सार्वजनिक हमामखान्यात मात्र घुसळायला कुणी नव्हतं. उतरण्याआधी अंगावर पाणी घ्यायचं, तेही त्याच हौदातलं. मी अंगठा बुडवला आणि तो तातडीने परत घेतला. समोर गळ्यापर्यंत बुडालेले एक आजोबा डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. तेवढ्या अपमानावर मी घोट्यापासून कमरेपर्यंत गेलो. श्वास रोखून आकडे मोजत होतो. वीसपर्यंत मराठीत मोजले, पुढे मातृभाषा सुचेना. बाहेर आलो तेव्हा कमरेखाली एक माणूस आणि वर दुसरा, असे दोन रंग झाले होते.

बाहेर बायको पायांकडे बघत उभी. चांदीचे दागिने काढून ठेवायला सांगितलं होतं, पण ‘जोडवी काढत नसतात’ म्हणून ती तशीच आत गेली होती. जोडवी काळीठिक्कर.

‘अहो, आता आईंना काय सांगायचं?’

व्हिडिओ कॉलवर मी आईला गंधकाचं सगळं रसायनशास्त्र समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘पाण्याला कशाला नावं ठेवतोस? चांदीच खोटी आहे. सोनाराला धरते मी उद्या.’