आजीचा व्यवसाय काय लिहायचा?

गेल्या महिन्यात आजी गेली. लालबागच्या त्याच खोलीत, पहाटे, झोपेत. वय ब्याण्णव धरलं आम्ही. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. गांधीजी गेले त्या वर्षी ती चौदाची होती, एवढीच खूण ती सांगायची.

मृत्यूची नोंद करायला मी गेले होते. त्या अर्जात मृताच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. टेबलामागच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "घरीच असायच्या ना?" मी "हो" म्हणाले. त्याने लिहिलं, 'काही नाही'. मी सही करून बाहेर आले आणि परळच्या पुलापर्यंत चालत आल्यावर माझे पाय थांबले. ब्याण्णव वर्षं राबलेल्या बाईच्या नावापुढे मी 'काही नाही' लिहू दिलं. त्या माणसाला दोष देत नाही. "हो" मी म्हणाले होते.

दाखल्यावर हा रकाना छापून येत नाही, त्यामुळे कुणाला कळणार नाही. पण तो भाग सरकारी आकडेवारीसाठी जातो. माझी आजी आता त्या आकड्यात काहीही न करणारी बाई म्हणून कायमची बसली आहे. म्हणून आज हे लिहिते आहे.

ती साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातली. चार एकर जिराईत आणि विहिरीखाली अर्धा एकर. खरिपाला वाघ्या घेवडा, रब्बीला शाळू आणि हरभरा. घेवड्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून ते नाव. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा तिला खूप आनंद झाला होता. सातव्या वर्षापासून ती आईबरोबर भांगलायला जायची. धार काढणं, वैरण, शेणकूर, काढणी, मळणी, पाखडणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी राखणं. कुठलं कणीस बियाण्याला ठेवायचं, घेवडा राखेत कसा घोळवायचा, कीड लागली तर कसं ओळखायचं, हे तिला शेवटपर्यंत बोटांनी कळायचं. डोळे गेल्यावरसुद्धा दुकानातून आणलेली डाळ मुठीत घेऊन ती सांगायची, "ही गेल्या सालची आहे."

पंधराव्या वर्षी लग्न झालं. आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत, साच्यावर म्हणजे मागावर. आणि ती? ती सासरच्या शेतात. गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण गडी मुंबईला आले एवढंच सांगतो. त्यांच्या मागे गावाकडची शेती कुणी केली, हे फार कमी जण बोलतात. पगारात मुंबईतलं पोट आणि थोडी मनीऑर्डर एवढंच भागायचं. वर्षाचं धान्य बायका पिकवायच्या. बारा वर्षं तिने असं काढलं. सुगीला आणि जत्रेला नवरा घरी यायचा, बाकी वर्षभर बैल, नांगरट, पैऱ्याची म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबणारी माणसं, सावकाराचा तगादा, सासूचं दुखणं आणि दोन मुलं.

१९६१ ला ती लालबागला आली. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, वर पोटमाळा. आल्यावर महिनाभरात तिने खाणावळ सुरू केली. गावाकडचे सातजण आधी, नंतर बावीस. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचे दुपारी, रात्री बारानंतर सुटणाऱ्यांची ताटं झाकून ठेवलेली. बुधवार-रविवार मटण. खाडे धरून महिन्याचा हिशेब, तोही तोंडी, कारण तिला लिहिता येत नव्हतं. बावीस माणसांचे खाडे तोंडपाठ! ती सगळी तिला वहिनी म्हणायची. कुणाला ताप आला तर पेज वेगळी, कुणाची बायको बाळंत झाली तर गावाला जाणाऱ्याच्या हाती डिंकाचे लाडू. माणसं जोडायची तिला हौस होती आणि तिच्या प्रेमात कष्ट असे मिसळलेले असायचे की वेगळे काढताच यायचे नाहीत. आपली चूक इथेच होते असं मला वाटतं. प्रेमाने केलं, म्हणजे काम नाही केलं, असा हिशेब आपण घराघरांत लावत आलो.

तिच्या ट्रंकेत मला दोन कागद सापडले.

पहिला १९७१ चा. वडील वारले, वारसनोंदीची वेळ आली. १९५६ च्या कायद्याने मुलगीही वारस होती, त्यामुळे तिचं नाव लागणार होतं. तिला गावाला बोलावलं, साडीचोळी केली आणि हक्कसोडीवर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, अंगठा घेतला. जोरजबरदस्ती कुणी केली नाही. ती म्हणायची, "माहेर तुटायला नको." पुढे १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, २००५ ला देशाच्या कायद्याने ती अट गेली. तोपर्यंत तिचा अंगठा उठवून चौतीस वर्षं झाली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा काही गावांत नवऱ्यांनी खरंच बायकांच्या नावे जमिनी केल्या. आमच्याकडे ना सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आलं, ना माहेरच्या.

दुसरा कागद १९७७ चा. बँकेचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर या बायका वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर चालायच्या. गहाण ठेवायला मंगळसूत्राशिवाय काही नसायचं. मंडळामुळे राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हाती येऊ लागलं. आजीने त्यातून मोठी पातेली आणि नवा स्टोव्ह घेतला. त्या कर्जासाठी ती सही शिकली. १९७१ च्या कागदावर अंगठा आहे, १९७७ च्या कागदावर पाच अक्षरं आहेत, वेलांटी चुकलेली. आणि धंदा या शब्दापुढे लिहिलं आहे: खाणावळ. तिच्या नावापुढे तिचं काम लिहिलेला आयुष्यातला एकमेव कागद.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार, आणि तो संप आजही अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. पगार थांबला, खाणावळीचे पैसे थांबले. काहीजण गावाला गेले, अकराजण राहिले. तिने त्यांना जेवू घातलं, वर्षभर. त्या वर्षी तिच्या भावांनी एसटीने सहा पोती ज्वारी आणि दोन पोती घेवडा पाठवला. परळ डेपोतून बाबांनी हातगाडीवर आणला. अकरा संपकरी घेवड्याची उसळ आणि भाकरी खाऊन राहिले.

घरातली मोठी माणसं हा प्रसंग सांगून म्हणतात, बघ, तिने सही दिली म्हणून माहेर पाठीशी उभं राहिलं. भावांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला हे पटत नाही. तिचा वाटा तिच्या नावावर असता तर ती पोती तिच्या रानातली असती. वानवळा म्हणून आली म्हणून जन्मभर ती उपकार मानत राहिली. ज्या मातीत सातव्या वर्षापासून तिने खुरपं चालवलं, त्या मातीतल्या दाण्याचे उपकार!

यंदाचं २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. चांगलंच आहे. पण आपल्या घरातल्या सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत हे पाहायला जिनिव्हा-न्यूयॉर्कहून कुणी येणार नाही. माझ्या आईची हक्कसोड अजून व्हायची आहे आणि ती होऊ नये म्हणून मी या वेळी घरात वाईटपणा घेणार आहे, हे इथे उघड सांगते. मामा ही पोस्ट वाचतील. वाचू देत. मी त्यांच्या पाया पडूनच बोलेन, पण बोलेन.

तो अर्ज दुरुस्त करता येतो का, हे विचारायला सोमवारी जाते आहे. रकान्यात काय लिहायचं ते ठरलं आहे: शेती आणि खाणावळ. जागा पुरणार नाही, बारीक अक्षरात लिहीन.

दोन वर्षांपूर्वी जत्रेला तिला गावाला नेलं होतं. दोघांनी धरून रानात नेलं. बांधावर बसवलं, तर ती हळूच खाली घसरली, चाचपडत घेवड्याच्या ओळीत शिरली आणि गवत उपटायला लागली. दिसत नव्हतं तिला, पण एकही रोप उपटलं नाही. भाचा धावत आला, "आत्या, राहू द्या, ऊन झालंय." ती मान वर न करता म्हणाली, "थांब, एवढी पात होऊ दे."