डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) अपात्र झाला म्हणजे फायनान्सचं काम संपलं?

व्हॉट्सॲपवरच्या अकाउंट्सवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरत असतो. सारांश असा: ‘कलम १६४ लागलं की पाच वर्षं फायनान्समध्ये काम विसरा, कॉन्ट्रॅक्टसुद्धा मिळणार नाही. सीए असाल तर ऑडिटही गेलं. बायकोच्या नावावर कंपनी काढा आणि बिलं तिथून द्या.’ यात थोडं खरं आहे, पुष्कळ भीती आहे आणि शेवटचा सल्ला तर चक्क खड्ड्यात घालणारा आहे.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १६४(२) सांगतं ते एवढंच: कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर तिच्या संचालकाला त्या कंपनीत पुन्हा किंवा दुसऱ्या कंपनीत नव्याने पाच वर्षं संचालक होता येत नाही. ठेवींची परतफेड वर्षभर थकली तरी तेच. बंदी संचालकपदावर आहे. नोकरी, सल्ला, प्रोप्रायटर म्हणून धंदा, शेअर बाळगणं, यांतल्या कशालाही हे कलम हात लावत नाही.

ऑडिटचं तर अजिबातच खरं नाही. ऑडिटर कोण होऊ शकत नाही याची यादी कलम १४१ मध्ये आहे; अपात्र संचालक तिच्यात नाही.

पाच वर्षं मोजायची कधीपासून, हेही कुणी बघत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले. त्या याद्यांमध्ये कित्येकांच्या नावापुढे १ नोव्हेंबर २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२१ अशी मुदत छापलेली होती. ती केव्हाच सरली, तरी माणसं अजून बिचकतात. काहींचा डीआयएन तर नुसती केवायसी राहिली म्हणून निष्क्रिय दिसतो. पाच हजार रुपये भरून फॉर्म टाकला की तो सुरू होतो. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर आधी कारण वाचा, मग घाबरा.

आता कॉन्ट्रॅक्टचं. भोसरीतल्या किंवा अंबडमधल्या छोट्या कारखानदाराला दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं. गिऱ्हाइकांकडची जुनी थकीत येणी बाजूला काढून ड्रॉइंग पॉवर (बँकेतून किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा) बसवायची, जीएसटी पोर्टलवरचं टू-बी विवरण आणि खरेदी रजिस्टर जुळवायचं, कर्जाचं लिमिट वाढवायचं तर सीएमए डेटा (बँकेला लागणारे मागच्या-पुढच्या वर्षांचे आकडे) करायचा. या कामाला डीआयएन कोण मागतो? पॅन, बँक खातं, उलाढाल वीस लाखांवर गेली तर जीएसटी नंबर. फीवर दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि काम सुरू. अडचण येते ती मोठ्या कंपन्यांत. तिथे व्हेंडर म्हणून प्रायव्हेट लिमिटेडच हवी असा हट्ट असतो, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये ‘संचालक म्हणून कधी अपात्र ठरलात का?’ हा रकाना असतो. तिथे ‘हो’ लिहा आणि खाली एका ओळीत कंपनी, वर्षं, कारण द्या. लपवलेलं एमसीएवरच्या साध्या शोधातही सापडू शकतं, आणि मग काम जातं ते खोटं बोलल्याबद्दल.

मेसेजमधलं खरं ते हे: बँक किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्त कंपनीच्या) संचालक मंडळाचं दार या काळात बंद असतं. दिवाळखोरीतल्या कंपनीसाठी बोलीही लावता येत नाही, दिवाळखोरी कायद्याचं कलम २९ए आडवं येतं. सेबीने बाजारातून बाहेर काढलं असेल तर गोष्टच निराळी; त्या आदेशात काय काय मना केलंय ते शब्दन् शब्द वाचून मगच बाजाराशी संबंधित काम घ्यावं. मेसेज लिहिणाऱ्याने हे सगळं एकाच पोत्यात भरलंय.

राहिली बायकोच्या नावावरची कंपनी. ज्याच्या सांगण्यावरून संचालक मंडळ वागतं, तोही कंपनी कायद्याच्या कलम २(६०) प्रमाणे कसूरवार अधिकारी, म्हणजे कंपनीच्या चुकीला जबाबदार माणूस ठरतो. व्यावसायिक म्हणून सल्ला देणाऱ्याला त्यातून सूट आहे, पडद्याआडून कंपनी चालवणाऱ्याला नाही. म्हणजे तुमची सुटका होत नाहीच. वर न वाचलेल्या ताळेबंदावर सही बायकोची, आणि त्या कंपनीचं फाइलिंग तीन वर्षं राहिलं तर पुढच्या यादीत नावही तिचंच.