पिस्तूल झाडलं कोणी, आणलं कोणी

गावाकडच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: स्वातंत्र्यलढ्याला पैसा पुरवणारे व्यापारी देशभक्त की संधिसाधू? एक बाजू म्हणते, व्यापारी फायद्याशिवाय बोट हलवत नाही. दुसरी त्यांना थेट देव्हाऱ्यात बसवते. मी राहतो बॉस्टनच्या उत्तरेला, मार्बलहेड बंदराजवळ. हा वाद वाचताना मला इथला जेरेमाया ली आठवतो.

ली हा अमेरिकन क्रांतीआधीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या बड्या धनिकांपैकी एक. त्याने १७६८ मध्ये बांधलेला वाडा आज संग्रहालय आहे. रस्त्यावरून तो घडीव दगडाचा वाटतो. जवळ गेल्यावर कळतं, सगळं लाकूड आहे, दगडासारखं कापून रंगवलेलं. हा पैसा आला खारवलेल्या कॉड माशातून. मार्बलहेडचा चांगला माल जायचा स्पेनमधल्या बिल्बावला. हलका माल जायचा वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर, गुलामांना खायला. इथल्या व्यापाऱ्यांच्या स्वातंत्र्यप्रेमाविषयी बोलणाऱ्याने हेही सांगितलंच पाहिजे.

ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडच्या राजाने वसाहतींकडे शस्त्रं आणि बंदुकीची दारू पाठवायला बंदी घातली. लीने बंदुकांसाठी लिहिलं ते बिल्बावच्या गार्दोकी पेढीला, मासळीच्या जुन्या गिऱ्हाइकालाच. पेढीने फेब्रुवारी १७७५ मध्ये उत्तर लिहिलं: संगिनींसह ३०० बंदुका आणि त्याच्या सुमारे दुप्पट पिस्तुलांच्या जोड्या पाठवतो. अशा पत्राला असं उत्तर येतं ते बाजारात वर्षानुवर्षांची पत असल्यामुळे. कितीही धगधगती भाषणं केली तरी ती पत हाती येत नाही.

१८ एप्रिलच्या रात्री ली मेनोटोमी गावातल्या सराईत मुक्कामाला होता. इंग्रज पलटण आली तेव्हा तो आणि त्याचे दोन सोबती झोपायच्या कपड्यांवर बाहेर पळाले आणि शेतात आडवे पडून राहिले. त्यानंतर तो आजारी पडला आणि १० मे रोजी गेला. इंग्रजांचे व्यापारी कायदे त्याच्या धंद्याच्या मुळावर आले होते, म्हणजे स्वार्थ होताच. पकडला गेला असता तर राजद्रोहाचा खटला चालला असता, हेही त्याला ठाऊक होतं. मला यातलं एकही खोडावंसं वाटत नाही.

आपल्याकडे बघा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याच वर्षी सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं धाडली होती, हेही पुष्कळांना माहीत आहे. पण ती बोटीने मुंबईला आणणारा चतुर्भुज अमीन किती जणांना आठवतो? इंडिया हाउस या लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला हा स्वयंपाकी पुढे माफीचा साक्षीदार झाला, म्हणून आपण त्याला गोष्टीतूनच काढून टाकलं. मला ते पटत नाही. नाशिकच्या शाळांत कान्हेरे शिकवताना त्या पिस्तुलांचा लंडन ते मुंबई प्रवासही शिकवावा, अमीनच्या साक्षीसकट.